इंग्रजांच्या जंगल कायद्याने आदिवासींचं नेमकं काय हिरावलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाठ्यपुस्तकात "इंग्रजांनी जंगल कायदे करून आदिवासींवर अन्याय केला" एवढं एकच वाक्य असतं. तो अन्याय म्हणजे काय? झाडं तोडायला बंदी घातली, एवढंच ना? ती तर आजही हवीच की. मग यात संस्कृतीचा संबंध कुठून आला? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की तुमच्या आजोबांचा वनहक्काचा दावा (कसत असलेल्या जंगलजमिनीवरचा हक्क मिळावा म्हणून २००६ च्या कायद्याखाली केलेला अर्ज) "पुरावा नाही" म्हणून नामंजूर झालाय, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याचा आता त्याच्याशी काय संबंध?

तुम्ही जाता जाता विचारलेला प्रश्नच माझ्या मते मुख्य आहे. त्याचं उत्तर नीट दिलं की बाकीच्यांची उत्तरं त्यातच येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पालघर आणि रायगडच्या डोंगरपट्ट्यात ग्रामसभांना वनहक्काचे दावे तयार करायला मदत करतो. वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. पण दावा लिहायचा म्हणजे जुनी दफ्तरं उघडावी लागतात, आणि ती उघडली की १८७८ च्या जंगल कायद्यापर्यंत मागे गेल्याशिवाय एकही कागद धड समजत नाही. मला हा इतिहास त्या वाटेने कळलाय, त्यामुळे उत्तरही त्याच वाटेने येईल.

आधीच सांगून ठेवतो की 'इंग्रजांचा कायदा' सगळीकडे एकसारखा नव्हता. कर्जत, पनवेल, डहाणू हे मुंबई इलाख्यात होते. जव्हार हे संस्थान होतं, त्याचं दफ्तर वेगळं. डांगची जंगलं इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली होती. गडचिरोलीचा भाग मध्य प्रांतात होता आणि तिथे जमीनदाऱ्या होत्या. मेळघाट वऱ्हाडात. त्यामुळे एका गावाला जे लागू पडतं ते शेजारच्या तालुक्यात लागू पडेलच असं नाही. मी मुख्यतः मुंबई इलाख्याबद्दल, त्यातही जुन्या ठाणे आणि कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यांबद्दल लिहितोय.

शिवाय इंग्रज येण्याआधी सगळं आलबेल होतं असंही मी म्हणणार नाही. आरमाराला लाकूड लागायचं, त्यामुळे मराठी अमलातही सागावर सरकारची नजर असे. वेठ होती, सावकार होते, खोत होते. पण राजाला हवं असलेलं झाड वेगळं आणि अख्खं जंगल राजाचं असणं वेगळं. गोष्ट फिरली ती याच मुद्द्यावर.

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि स्लीपरसाठी लाकडाची मागणी बेसुमार वाढली. १८५५ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने जंगलांविषयीचं धोरण जाहीर केलं, १८६४ मध्ये जंगल खातं उभं राहिलं आणि त्याचे पहिले प्रमुख झाले डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ. १८६५ चा पहिला कायदा घाईत केलेला होता, त्यात खात्याला हवी तेवढी पकड नव्हती. म्हणून नवा कायदा करायचं ठरलं आणि त्यावर सरकारी अधिकाऱ्यांमध्येच मोठा वाद झाला. तो वाद मी कार्यशाळेत नेहमी सांगतो, कारण वेगळा रस्ता उपलब्ध होता हे त्यातून कळतं.

बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याचं म्हणणं असं होतं की एतद्देशीय राजे मनाला येईल तेव्हा जंगल राखून ठेवत, म्हणजे जंगल राज्याचंच. लोक लाकूडफाटा नेत होते, गुरं चारत होते, ती केवळ राज्यकर्त्याने दिलेली मुभा होती. लेखी दान दिसत नसेल तर हक्क नाही. मद्रास सरकारच्या महसूल मंडळाने याच्या अगदी उलट भूमिका घेतली: आमच्या इलाख्यात एखाद्या गावाच्या शिवेत न येणारं जंगल जवळपास नाहीच, आणि गावकरी ते पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत, मग हा हक्क नाही तर काय? ब्रँडिस मधे होते. काही जंगल सरकारने घ्यावं, पण गावांना त्यांची स्वतःची जंगलं द्यावीत असं त्यांना वाटे. १८७८ चा कायदा झाला तेव्हा बेडन-पॉवेल यांचं म्हणणं मुख्यत्वे टिकलं. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार कायद्यात आले खरे, पण ग्रामवनाची तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. १९२७ चा भारतीय वन अधिनियम म्हणजे याच कायद्याची सुधारलेली आवृत्ती, आणि तो आजही लागू आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं चालायचं ते बघा. सरकार अधिसूचना काढायचं की अमुक जमीन राखीव जंगल करायचा विचार आहे. मग वन जमाबंदी अधिकारी नेमला जायचा. तो आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा: ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी अमुक मुदतीत, म्हणजे किमान तीन महिन्यांत, लेखी अर्ज द्यावा किंवा समक्ष येऊन सांगावं. मुदतीत जो हक्क मांडला गेला नाही तो संपला.

कायद्याची बाजू घ्यायची तर म्हणता येईल की नोटीस दिली, ऐकून घेतलं, मग निर्णय केला. पण त्या नोटिशीला कोण उत्तर देऊ शकलं? खोत, इनामदार, सावकार, गावचा पाटील. कर्जतच्या डोंगरात ऋतूप्रमाणे वस्ती हलवणाऱ्या कातकऱ्याला चावडीवरचा मराठी जाहीरनामा वाचता येत नव्हता. आपल्या वापराला 'दावा' म्हणून मांडायचं असतं हेही त्याच्या कल्पनेत नव्हतं. जी गोष्ट कुणी कधी नाकारलीच नाही ती सिद्ध करायला कोण जाईल? म्हणून अनेक ठिकाणी हक्क नाकारण्याची गरजही पडली नाही, ते मुदत संपून गेले. जुनी दफ्तरं पाहताना मला सर्वात जास्त खटकतं ते हे. लढाई झाली, लोक हरले, असं तिथे काही दिसत नाही. नुसता रिकामा रकाना दिसतो.

फिरत्या शेतीला तर दावा करायचीही पूर्ण मोकळीक नव्हती. १९२७ च्या कायद्याचं कलम १० सरळ सांगतं की फिरती शेती ही सर्व बाबतींत सरकारच्या नियंत्रणाखालची मुभा मानली जाईल आणि सरकार ती बंदही करू शकेल. कुणी शंभर वर्षांचा पुरावा आणला तरी ती हक्क होऊ शकत नाही, हे आधीच ठरवून टाकलेलं.

आता "झाडं तोडायला बंदी एवढंच ना" या तुमच्या वाक्याकडे येतो. त्याच १९२७ च्या कायद्याचं कलम २६ काढून वाचा. राखीव जंगलात काय काय गुन्हा आहे त्याची ती यादी आहे. आत शिरणं किंवा गुरं चारणं. आग लावणं. झाडाची साल काढणं, फांदी छाटणं, पानं ओरबाडणं. दगड काढणं, कोळसा पाडणं, कुठलंही वनोपज गोळा करणं. नांगरणं किंवा लागवडीसाठी जमीन साफ करणं. नियमांविरुद्ध शिकार करणं, मासे धरणं, पाण्यात विष टाकणं, फास किंवा सापळा लावणं. ही यादी एखाद्या ठाकूर किंवा वारली कुटुंबाच्या वर्षभराच्या दिनक्रमाशेजारी ठेवून बघा. पावसाच्या आधी राब भाजणं, नदीच्या डोहात झाडाच्या सालीने मासे झिंगवून धरणं, सशाला फास लावणं, करवंदं-कंद-रानभाज्या आणणं, घराच्या कुडाला कारवी तोडणं. जवळजवळ प्रत्येक ओळीला एक कलम सापडतं. मूळ कायद्यातली शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या काळात वर्षभर राबूनही हातात रोकड दिसत नसे त्या काळातले ५०० रुपये.

त्याहून वाईट आहे कलम ६९. एखादं वनोपज सरकारच्या मालकीचं आहे की नाही असा प्रश्न आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच आहे असं गृहीत धरायचं. आणि वनोपज म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येत काही वस्तू अशा आहेत ज्या जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच ठरतात. त्यात कोळसा आहे, काथ आहे, लाख आहे, हिरडा आहे, मोहाची फुलं आणि मोहाच्या बियाही आहेत. म्हणजे स्वतःच्या शेताच्या बांधावरच्या मोहाखाली पडलेली फुलं टोपलीत घालून बाई निघाली, तर ती फुलं आपली आहेत हे तिने सिद्ध करायचं. ती चोरीची आहेत हे गार्डाने सिद्ध करायची गरज नाही. आजोबांना आज 'पुरावा दाखवा' म्हणतात ना, त्या वाक्याची सुरुवात इथे आहे.

खात्याला अटकेचे, जप्तीचे अधिकार मिळाले, शिवाय तडजोडीचेही. म्हणजे खटला न भरता अधिकाऱ्याने रक्कम घ्यायची आणि सोडून द्यायचं. कागदावर सोय, प्रत्यक्षात एक कायमची वसुली. कोंबडी, अंडी, तूप, फुकट मजुरी. पाड्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर कलमांचे आकडे कुणी सांगणार नाही, पण गार्डाला कोंबडी द्यावी लागायची हे सगळे सांगतील.

आता संस्कृतीचं. हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो, कारण तो म्हटला की लोकांना तारपा आणि भिंतीवरची चित्रं आठवतात. कायद्याचा घाव बसला तो शेती, अन्न आणि पेय यांवर. सण आणि देव त्यांच्या मागोमाग ओढले गेले.

राब घ्या. कोकणात भाताच्या रोपासाठी वाफ्यावर झाडांच्या डहाळ्या, पाला, शेण पसरून भाजायचं ही जुनी पद्धत आहे. खात्याच्या नजरेत ती झाडांची नासाडी होती. डहाळ्या तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा फक्त आदिवासीच नाही, आगरी-कुणबीही भडकले. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. काही सवलती मिळाल्या. पण बघा, चौकशी झाली ती मोठ्या संख्येने बोलणारे, अर्ज करणारे, वर्तमानपत्रांत लिहू शकणारे लोकही अडचणीत आले तेव्हा.

काथोडी-कातकऱ्यांच्या वाट्याला असं कुणी आलं नाही. खैराच्या लाकडापासून काथ काढणं हा त्यांचा हातखंडा. खैर राखीव झाला आणि काथ वनोपज ठरला, तेव्हा एका जमातीचा पिढीजात व्यवसायच गुन्ह्यांच्या यादीत गेला. त्यांच्या डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीच्या शेतीला रायगडात दळी म्हणतात. ती पूर्ण बंद केली नाही, पण तिला प्लॉटची, खात्याच्या परवानगीची आणि अटींची चौकट बसवली. नोंद अनेकदा गटाच्या एका म्होरक्याच्या नावावर, बाकीची कुटुंबं त्याच्यामागे. आज दावे करताना हेच आडवं येतं, कारण म्होरक्याच्या वारसाचं नाव सापडतं, बाकीच्यांचं सापडत नाही. आणि ज्यांना दळीही पुरली नाही ते ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर गेले, पुढे वीटभट्टीवर. दिवाळीनंतर उचल घेऊन आख्खा पाडा भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो, हे चक्र तुम्ही कर्जत-खालापुरात आजही बघू शकता. याला फक्त १८७८ चा कायदा जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही, सावकारी आणि नंतरची धोरणंही आहेत. पण पायाखालची जमीन काढून घेतली गेली ती तेव्हा.

मोहाची गोष्ट तर माझ्या मते या सगळ्यात सर्वात बोलकी आहे, आणि ती जंगल कायद्याच्या पुस्तकात सापडतच नाही. ती आहे अबकारीत, म्हणजे दारूवरच्या कराच्या कायद्यात. १८७८ सालीच मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. त्याआधी पाड्यावर घरोघरी दारू गाळली जायची. नव्या कायद्याने घरची भट्टी बेकायदा ठरली, दारू सरकारी देखरेखीखालच्या भट्टीतून आणि ठेकेदाराच्या दुकानातून घ्यायची. ताडीच्या झाडांवर दर झाडामागे कर. तरीही लोक गुपचूप गाळतात म्हटल्यावर सरकारने कच्च्या मालालाच हात घातला: १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध आणणारा वेगळा कायदा केला. फूल हे फक्त दारूसाठी असतं असं धरून. प्रत्यक्षात उन्हाळ्यात वेचलेला मोह वाळवून ठेवायचा आणि पावसाळ्यात, कणगी रिकामी झाली की शिजवून खायचा, ही टंचाईच्या महिन्यांची बेगमी होती.

आणि दारू म्हणजे नुसती नशा नव्हती. वारल्यांचं लग्न धवलेरी, म्हणजे त्यांची स्त्री पुरोहित, लावते, देवाला आणि पूर्वजांना दारू-ताडी वाहिल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. जन्म, बारशी, मरण, पेरणी, कणसरी या धान्यदेवीची पूजा, सगळीकडे तिचे थेंब लागतात. ती घरात गाळायची ऐवजी दुकानातून रोखीने किंवा उधारीने आणायची झाली, तेव्हा देवाचा नैवेद्य ठेकेदाराच्या वहीत कर्ज म्हणून चढला. उधारीतून वेठ आली, वेठीतून जमीन गेली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते मला महत्त्वाचं वाटतं. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनारपट्टीवरून निघून दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात एक लाट पसरली. लोकांच्या अंगात देवी येऊ लागली आणि ती सांगू लागली: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, दारूच्या दुकानदाराकडे मजुरीला जाऊ नका. हजारोंनी ते पाळलं. याला संस्कृती नष्ट होणं म्हणायचं की शहाणपणाने केलेला बहिष्कार? मला दोन्ही खरं वाटतं. कायद्याने आणि ठेक्याने ज्या गोष्टीला फास बनवलं, ती गोष्टच लोकांनी देवीच्या तोंडून टाकून दिली. काही ठिकाणी ती परत आली, काही ठिकाणी आली नाही. म्हणून 'मूळची शुद्ध संस्कृती आणि मग इंग्रज' अशी सरळ रेघ मी ओढत नाही.

इतर प्रांतांतही हेच वेगवेगळ्या रूपात घडलं. मध्य प्रांतात बैगा लोक नांगर लावत नसत, धरतीमातेची छाती फाडायची नाही अशी त्यांची श्रद्धा. त्यांची बेवर शेती (झाडं तोडून-जाळून करायची फिरती शेती) बंद करत करत शेवटी १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात एका ठरावीक पट्ट्यापुरती ठेवली, तो बैगा चक. त्या पट्ट्याबाहेरच्या बैगांनी नांगर धरावा नाहीतर मजुरी करावी. फासेपारध्यांसारख्या शिकारी जमातींना तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

लोकांनी मुकाट सोसलं असंही नाही. गोदावरी खोऱ्यातलं १८७९ चं रंपा बंड, ज्यात ताडीवरचा कर हे एक मोठं कारण होतं. १९१० चा बस्तरचा भूमकाल, ज्यामागे राखीव जंगलाचा प्रस्ताव होता. १९३० साली जंगल सत्याग्रह झाले, त्यात रायगडमधल्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. बिरसा मुंडांच्या उलगुलाननंतर, म्हणजे बंडानंतर, १९०८ मध्ये छोटानागपूर कुळकायदा आला, आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांकडे जाऊ नयेत म्हणून. म्हणजे इंग्रजांनी संरक्षणाचेही कायदे केले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रक्त सांडल्यावर केले.

इथवरचं एका दमात सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कायद्याने जंगल सरकारचं ठरवलं, मुदतीत लेखी न मांडलेला हक्क संपवला, उरलेल्या वापराला मुभा म्हटलं आणि ती मोडली तर गुन्हा म्हटलं, आणि पुराव्याचं ओझं लोकांवर टाकलं. स्वातंत्र्यानंतर हे तसंच चालू राहिलं, काही ठिकाणी वाढलंही, कारण संस्थानांची आणि खासगी जंगलंही नंतर सरकारजमा झाली. मोहाच्या फुलांवरचं नियंत्रण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही आलं. बांबू २०१७ पर्यंत कायद्याने 'झाड' होता, मग तो तुमच्या शेतातला का असेना. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा आपल्या प्रस्तावनेत 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं मान्य केलं. आता तुम्हाला कळेल की ते शब्द नुसते शोभेचे नाहीत. त्यातून एक गोष्ट निघते: ज्या कायद्याने लोकांचे कागद होऊच दिले नाहीत, त्या लोकांकडे पुन्हा कागदच मागायचे नाहीत.

आणि नियमांत तसं लिहिलेलंही आहे. आजोबांच्या दाव्याकडे आता याच नजरेने बघा.

पहिलं, नामंजुरीचा आदेश लेखी आणि कारणांसह मिळालाय का ते पाहा. नुसतं 'पुरावा अपुरा' एवढं कारण असेल तर ते टिकणारं नाही, कारण वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांचे बरेच प्रकार दिलेत आणि समितीला कुठल्याही एका ठरावीक कागदाचा आग्रह धरता येत नाही. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असेल तर तेही पुरेसं कारण नाही. ते चित्र पूरक आहे, इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. डोंगरउतारावरची नाचणीची पट्टी, त्यात राखलेली झाडं, हे वरून जंगलच दिसतं.

दुसरं, घरात शोधा. दंडाच्या पावत्या. माझ्या अनुभवात याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. जंगलात बेकायदा नांगरट केली म्हणून खात्याने आजोबांकडून किंवा पणजोबांकडून दंड घेतला असेल, तर खात्यानेच लिहून दिलंय की त्या तारखेला हा माणूस ती जमीन कसत होता. एका पाड्यावर पत्र्याच्या पेटीत कोंबलेल्या अशा पावत्यांवर कित्येक घरांचे दावे उभे राहिलेले मी पाहिलेत. लोक त्या लाजेने लपवून ठेवतात, किंवा पोरांच्या हाती लागून फाटतात. पेटी, पत्र्याखालची फट, देवाची टोपली, सगळं बघा. पावती नसेल तर वन परिक्षेत्र कार्यालयातल्या गुन्हे नोंदवहीची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते.

तिसरं, गाव कुठल्या राजवटीत होतं त्यावर शोध अवलंबून आहे. जव्हारसारखं संस्थान असेल तर संस्थानच्या नोंदीही चालतात, नियमांत तसा स्पष्ट उल्लेख आहे. कर्जत-पेण-सुधागड असेल तर दळीची नोंद शोधा, आणि म्होरक्याचं नाव सापडलं तर त्याच्याशी नातं दाखवणारी वंशावळ जोडा. डहाणू-तलासरीकडे असाल तर एकसाली प्लॉटचे (एकेका वर्षासाठी कसायला दिलेल्या जंगलजमिनीचे) कागद निघू शकतात. सगळीकडेच १९७८-७९ च्या अतिक्रमण नियमनाच्या याद्या तहसीलमध्ये पाहून घ्या. जंगल खात्याच्या जुन्या कार्य आयोजना (कामाचे आराखडे) आणि जिल्ह्याची गॅझेटियर पाड्याचं नाव शोधायला उपयोगी पडतात, व्यक्तीचं नाव तिथे क्वचितच मिळतं.

चौथं, जमीन स्वतः बोलते. बांध, दगडी ताली, विहीर, घराचं जोतं, पूर्वजांची दफनाची जागा, वाघदेवाचा दगड. यांचा पंचनामा वनहक्क समितीने करायचा, फोटोसह. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब. तो दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, दुसऱ्या वृद्ध व्यक्तीचा लागतो, आणि लेखी करून घ्यावा लागतो. 'पूर्वापार कसतात' असं मोघम लिहू नका. कुठलं पीक, शेताला काय नाव, कुठल्या दुष्काळात काय झालं, लग्न कुठल्या साली, तेव्हा शेत कुणाकडे, असं लिहा. दोन वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे तरी जोडा, एकावर अवलंबून राहू नका.

दावा उपविभागीय समितीने फेटाळला असेल तर जिल्हा समितीकडे जाता येतं. जिल्हा समितीने फेटाळला असेल आणि गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, तर महाराष्ट्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय पातळीवरच्या समितीकडे अपिलाची सोय केली आहे. मुदतीची चौकशी आधी करा, ती गेली असेल तर विलंबाचं कारण अर्जातच लिहा.

आणि वैयक्तिक दाव्याच्या मागे धावताना गावाचा सामूहिक दावा विसरू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक पासवर बांबू विकायला सुरुवात केली. ज्या बांबूला हात लावला तर आधी गुन्हा व्हायचा, तोच. वैयक्तिक पट्ट्याने आजोबांचं शेत सुटेल, पण मोह, हिरडा, चराई, डोह, देवाची जागा हे सगळं सामूहिक दाव्यातच येतं, आणि कलम २६ च्या यादीतल्या बहुतेक गोष्टी त्याच मार्गाने परत मिळवता येतात.

नामंजुरीच्या आदेशातलं कारणाचं वाक्य शब्दशः इथे टाका, आणि गाव आधी इलाख्यात होतं की संस्थानात तेही सांगा. नाव-गाव, गट नंबर झाकून टाका. मग कुठलं दफ्तर आधी उघडायचं ते सांगतो.